नीतिमान, दुर्जन आणि एक शेरा



शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्दांचा एक तक्ता असे, तो तुम्हांला आठवत असेल. डाव्या रकान्यात एक शब्द आणि उजव्या रकान्यात त्याच्या उलट अर्थाचा दुसरा. दिवस–रात्र, सुख–दुःख, थंड–गरम, जिवंत–मृत, सज्जन–दुर्जन. आपण ते पाठ केले, परीक्षेत जोड्या लावल्या आणि पुरते गुण मिळवले. पुढे भाषाविज्ञानाचा अभ्यास करू लागले तेव्हा मला कळले, की या सगळ्या जोड्या एका जातीच्या नाहीत. ‘जिवंत’ आणि ‘मृत’ यांच्यामध्ये मोकळी जागा नसते. एक नाकारले की दुसरे आपोआप सिद्ध होते. ‘थंड’ आणि ‘गरम’ यांच्यामध्ये मात्र गार आहे, कोमट आहे, कढत आहे. शिवाय एकाला गरम वाटणारे पाणी दुसऱ्याला कोमट वाटू शकते.

मग ‘सज्जन–दुर्जन’ ही जोडी यांपैकी कोणत्या जातीची? माणूस या दोन रकान्यांपैकी एकात असतो, की दोहोंच्या मधल्या पट्टीवर कोठेतरी उभा असतो? हा प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नाही. माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका शब्दाने तो माझ्यापुढे उभा केला. त्याचे उत्तर शोधताना मला जे ग्रंथ सर्वांत उपयोगी पडले, ते माझ्या घरच्या परंपरेतले नव्हते. मी वारकरी घरात वाढले. बायबल हाती आले ते मराठी ख्रिस्ती साहित्य शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली म्हणून. प्रथम मी ते केवळ शब्दांसाठी वाचले. नंतर ते तेवढ्यापुरते राहिले नाही. ते कसे, हे या लेखात तुम्हांला सांगायचे आहे.

शब्दांचे माहेर

ख्रिस्ती शिकवण मराठीत येऊन चार शतके उलटली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ते मराठीत होते, पण रोमन लिपीत. पुढे विल्यम कॅरे यांच्या प्रयत्नाने १८०५ मध्ये श्रीरामपूरहून मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचा अनुवाद केला आणि तो साध्या बायाबापड्यांना कळावा, असा आग्रह धरला. या साऱ्या अनुवादकांपुढे एक अडचण सारखीच होती. परक्या भाषेतली कल्पना आणायची, पण शब्द मात्र इथलेच वापरायचे. आणि इथल्या शब्दांना आधीचा इतिहास चिकटलेला असतो.

प्रचलित मराठी बायबलमध्ये धार्मिक मनुष्याला ‘नीतिमान’ म्हटले आहे आणि त्याच्या विरुद्ध बाजूला ‘दुर्जन’ किंवा ‘दुष्ट’ आहे. ‘दुर्जन’ हा शब्द मराठी कानाला संस्कृत सुभाषितांतून परिचित आहे. सुभाषितांतला दुर्जन हा जन्मजात दुर्जन असतो. कोळसा कितीही धुतला तरी पांढरा होत नाही आणि सापाला दूध पाजले तरी विषच वाढते, अशा दृष्टान्तांनी त्याचे वर्णन केलेले असते. तिथे दुर्जनपणा हा स्वभाव आहे, आणि स्वभावाला औषध नसते असे आपण मानत आलो.

हिब्रू भाषेत या जोडीचे शब्द आहेत ‘सद्दीक’ आणि ‘राशा’. या शब्दांना न्यायालयाचा वास आहे. दोन माणसांत तंटा झाला, ते न्यायाधीशापुढे गेले, न्यायाधीशाने ज्याची बाजू खरी ठरवली तो सद्दीक आणि ज्याला दोषी ठरवले तो राशा. म्हणजे हे शब्द प्रथम निवाड्याचे आहेत, स्वभावाचे नंतर. आणि निवाडा म्हटला की तो देणारा कोणीतरी असतो, तो ज्या कृत्याबद्दल दिला ते कृत्य असते, आणि निवाडा देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नही असतो. ‘दुर्जन’ या शब्दात हे तिन्ही प्रश्न झाकले जातात.

‘पाप’ या कल्पनेचेही तसेच. त्यासाठी हिब्रूत जे क्रियापद सर्वांत अधिक येते, त्याचा एक अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात बन्यामिनी वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख आहे. ते केसावर नेम धरीत आणि चुकत नसत. तिथे ‘चुकत नसत’ यासाठी हेच क्रियापद आले आहे. ग्रीक भाषेतल्या शब्दाचीही मूळ छटा हीच आहे. गोफण मारणाऱ्याचा दगड आज चुकला, म्हणून त्याला कोणी ‘चुकार’ म्हणून ओळखत नाही. तो उद्या पुन्हा नेम धरतो.

वाट आणि पाऊल

नीतिमान आणि दुर्जन यांचा विरोध सर्वांत ठळकपणे मांडला गेला आहे तो स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात. अवघ्या सहा कडव्यांचे ते काव्य आहे. नीतिमान हा पाण्याच्या प्रवाहाकाठी लावलेल्या झाडासारखा, ऋतूत फळणारा आणि न कोमेजणारा. दुर्जन वाऱ्याने उडून जाणाऱ्या भुसासारखा. खळ्यावर उफणणी पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. एकाला मूळ आहे, दुसऱ्याला वजनही नाही.

वरवर वाचले तर इथे दोन रकाने आखलेले दिसतात. पण तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, तेव्हा क्रियापदांकडे पाहा. स्तोत्राच्या आरंभी तीन क्रियापदे ओळीने येतात : चालणे, उभे राहणे आणि बसणे. सुखी मनुष्य तो, जो वाईटाच्या सल्ल्याने चालत नाही, त्या वाटेवर उभा राहत नाही, त्या बैठकीत बसत नाही. माणूस बिघडतो कसा, याचे इतके नेमके वर्णन मी क्वचितच वाचले आहे. प्रथम तो जाता जाता ऐकतो, मग थांबतो आणि शेवटी तिथेच बस्तान मांडतो. आणि शेवटच्या कडव्यात नाश पावणारी गोष्ट कोणती आहे? दुर्जनांची ‘वाट’. वाटेवरून माणूस परत फिरू शकतो. तक्त्याच्या रकान्यातून शब्दाला बाहेर पडता येत नाही.

ही शक्यता पुढे यहेज्केल संदेष्ट्याने स्पष्ट शब्दांत मांडली. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासात होते. बापाने आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, अशा अर्थाची म्हण त्यांच्यात रूढ झाली होती. आपले भोग आपल्या पूर्वजांमुळे, आपल्या हाती काही नाही, असा तिचा सूर. यहेज्केलाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय या म्हणीलाच उत्तर देतो. दुष्टाने आपली वाट सोडली तर त्याची पूर्वीची कृत्ये त्याच्या नावे मांडली जाणार नाहीत; आणि नीतिमानाने आपली नीती सोडली, तर त्याची जुनी पुण्याई त्याला वाचवणार नाही. यातला पहिला अर्धा भाग ऐकताना आपल्याला बरे वाटते. दुसरा अर्धा भाग ऐकताना मी मात्र जरा सावरून बसते.

परत फिरण्याला हिब्रूत जो शब्द आहे, त्याचा वाच्यार्थ खरोखरच ‘मागे वळणे’ असा आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मन पालटणे’. मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो, म्हणजे नंतर होणारा ताप, मागाहून होणारी जळजळ. तीन भाषांनी एकाच अनुभवाला तीन ठिकाणी स्पर्श केला : एकीने पावलाला, दुसरीने मनाला आणि आपल्या भाषेने जळणाऱ्या काळजाला. पण यात एक धोका आहे. नुसते जळत बसूनही ‘पश्चात्ताप झाला’ असे म्हणता येते. पाऊल वळल्याशिवाय हिब्रूतला शब्द मात्र पुरा होत नाही.

निदणाचे शेत

आता माझी गोष्ट सांगते.

साधारण वीस वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेत मी एका वर्गावर पर्यवेक्षक होते. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसला होता. तो वर्गात अनियमित येई, आला तर उशिरा येई आणि प्रश्न विचारला की खाली पाही. त्याच्या बाहीच्या दुमडीत मला चिठ्ठ्या सापडल्या. उत्तरपत्रिका काढून घेतली, अहवालाचा नमुना भरला. नाव, बैठक क्रमांक, विषय, सापडलेले साहित्य, वेळ. सर्वांत खाली ‘शेरा’ असा रकाना होता. तिथे मी लिहिले, ‘हा विद्यार्थी सराईत कॉपीबहाद्दर आहे.’

चिठ्ठ्या मी पाहिल्या होत्या. त्या खऱ्या होत्या. ‘सराईत’ हे मात्र मी पाहिले नव्हते. त्याआधी तो कधी पकडला गेल्याचे मला ठाऊक नव्हते. त्याच्या उशिरा येण्यावरून, त्याच्या बाकावरून, त्याच्या खाली पाहण्यावरून मी तो शब्द तयार केला होता. चौकशी समितीच्या बैठकीत तो शब्द मोठ्याने वाचला गेला, असे मला नंतर एका सदस्याकडून कळले. त्याची ती परीक्षा रद्द झाली आणि पुढच्या परीक्षेलाही त्याला मज्जाव झाला. शिक्षा केवळ माझ्या शब्दामुळे वाढली, असे मी म्हणणार नाही. पण तो मुलगा पुन्हा महाविद्यालयात आला नाही आणि मी त्याची चौकशी केली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी वर्गात मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचा दाखला शिकवण्याची वेळ आली. एका माणसाने शेतात चांगले बी पेरले. लोक झोपलेले असताना त्याच्या वैऱ्याने येऊन गव्हात निदण पेरले. पीक वाढले, ओंब्या धरल्या तेव्हा निदणही दिसू लागले. चाकर धन्याला म्हणाले, उपटून टाकू का? धन्याने नको म्हटले. निदण काढताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या, मग कापणाऱ्यांना सांगू.

‘निदण’ हा शब्द वाचताच मी थबकले. अनुवादकांनी तो कोठून आणला हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्या कोरडवाहू गावात विहिरीच्या पाण्यावर चार सऱ्या गहू होई आणि आई त्यात निंदणीला बसे. हातात खुरपे, पदर कमरेला खोचलेला. मी तिच्या मागे मागे गवत गोळा करीत असे. गव्हासारखीच पात असलेले एक गवत त्यात उगवे. मी ते उपटायला गेले की ती माझा हात धरी. म्हणे, ‘थांब, निसवू दे. ओंबी बाहेर पडली की कळेल कोण कोण आहे ते.’ ती शाळेत गेली नव्हती आणि बायबल तिने कधी पाहिलेही नव्हते. पण तिच्या बोटांना ही गोष्ट ठाऊक होती.

दाखल्यातले मूळ ग्रीक नाव ज्या तणाचे मानले जाते, ते भूमध्य समुद्राच्या परिसरात गव्हाच्या शेतात उगवणारे आहे. ओंबी येईपर्यंत ते गव्हापासून ओळखू येत नाही. त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंततात. त्याचे दाणे पिठात गेले तर माणसाला गुंगी येते, म्हणून ते वेगळे काढणे भागच असते. म्हणजे धनी जे सांगतो आहे, ते भोळेपण नव्हे. निदण हे निदणच आहे, ते विषारी आहे, कापणी होणार आहे आणि निदणाच्या पेंढ्या जाळल्या जाणार आहेत. दाखला यातले काहीही पुसून टाकीत नाही. तो फक्त दोन गोष्टी सांगतो : अजून वेळ झालेली नाही, आणि तुम्ही कापणारे नाही.

या दाखल्यावरून इतिहासात मोठा वाद झाला आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातवादी नावाचा पंथ होता. छळाच्या काळात ज्या धर्मगुरूंनी कच खाल्ली, त्यांच्या हातचे संस्कार ग्राह्य नाहीत, मंडळी शुद्धांचीच असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्यांना उत्तर देताना याच दाखल्याचा आधार घेतला. या जगात मंडळी मिश्रच राहणार. गहू आणि निदण वेगळे करणे हे शेवटच्या दिवसाचे काम, असे ते सांगत. पण याच ऑगस्टीनांनी पुढे त्या पंथाविरुद्ध राजसत्तेच्या बळाचा वापर योग्य ठरवला. दाखल्याचा एवढा मोठा भाष्यकारही शेवटी खुरपे हाती घेऊन शेतात उतरला. मला हे वाचून त्यांच्याविषयी राग आला नाही. उतरण्याचा मोह किती जबर असतो, तेवढे कळले.

तुम्ही इथे एक आक्षेप घ्याल आणि तो घ्यायलाच हवा. कापणीपर्यंत थांबायचे, तर चोराला पकडायचे नाही का? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला ‘थांब, शेवटी निवाडा होईल’ असे सांगायचे का? तसे सांगणे हा दुसरा अन्याय होईल. त्या मुलाच्या बाहीत चिठ्ठ्या होत्या. त्या काढून घेणे माझे कर्तव्यच होते, नाहीतर रात्र जागून अभ्यास करणाऱ्या मुलांचा तो विश्वासघात ठरला असता. कृत्य थांबवावे, त्याचा दंडही द्यावा. दाखला अडवतो तो त्यापुढच्या पावलाला. कृत्यावरून माणूस काय आहे हे कायमचे ठरवून टाकण्याला. माझ्या अहवालातले वरचे पाच रकाने माझे होते. शेऱ्याचा रकाना माझा नव्हता.

क्रियापदाचे नाम होते तेव्हा

माझी चूक व्याकरणाच्या भाषेत सांगता येते. ‘त्याने कॉपी केली’ या वाक्यात क्रियापद आहे. क्रियापदाला काळ असतो. ‘केली’ म्हणताच ती गोष्ट एका दिवसाशी, एका बाकाशी बांधली जाते. ‘तो कॉपीबहाद्दर आहे’ असे म्हटले की ती तिथून सुटते आणि माणसाच्या सबंध आयुष्यावर पसरते, कारण नामाला काळ नसतो. मराठीत असे शब्द घडवण्याची सोय विपुल आहे. खोटे बोलला तो खोटारडा, भांडला तो भांडखोर, दगा दिला तो दगाबाज, चोरी केली तो चोर. प्रत्यय लावला की काम झाले. स्तुतीतही हेच घडते. चार वेळा खरे बोलणाऱ्याला आपण ‘सत्यवचनी’ करून टाकतो आणि मग पाचव्या वेळी तो खोटे बोलला तरी आपल्याला ऐकू येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात दोन माणसे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी खोटे बोलत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, हे खरेच असावे. पण त्याची प्रार्थना नामांनी भरलेली आहे : लुबाडणारे, अन्यायी, व्यभिचारी आणि शेवटी बोट दाखवून ‘हा जकातदार’. जकातदार स्वतःला पापी म्हणतो आणि दया मागतो. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, असे येशू सांगतो. जकातदाराचे धंदे चांगले होते, असे मात्र येशू कोठेही म्हणत नाही.

इथेही एक सावधगिरी हवी. परूशी हा त्या काळच्या यहुदी समाजातला धर्मनिष्ठ आणि आदरणीय वर्ग होता, म्हणूनच या दाखल्याचा धक्का मूळ श्रोत्यांना बसला. पुढे ख्रिस्ती जगात ‘परूशी’ हा शब्दच ढोंगी माणसाचे सामान्यनाम होऊन बसला आणि यहुदी लोकांविषयीच्या द्वेषाला त्याने बळ दिले. माणसाला नामात कोंडू नये, असे शिकवणाऱ्या गोष्टीतून वाचकांनी एक नवे नाम तयार केले. हा दाखला वाचून ‘बरे झाले, मी त्या परूशासारखा नाही’ असे ज्याच्या मनात येते, तो वाचक कोठे उभा आहे, हे मी सांगायला नको.

आपल्या परंपरेत याचे एक सुंदर उदाहरण तुम्हांला परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे आहे, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडावा, एवढेच मागितले आहे. गळून पडू शकतो, म्हणजे तो माणसाहून वेगळा आहे. कोळसा आणि सापाच्या दृष्टान्तांना ज्ञानदेवांनी दिलेले हे उत्तर आहे, असे मला वाटते. लहानपणापासून मी ते रोज म्हणत आले. त्याचा अर्थ मात्र निदणाच्या दाखल्यापाशी येऊन मला उलगडला.

आणि गद्यात पाहायचे असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचा. नारायण वामन टिळक हे कवी, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले भक्त, उदार आणि तितकेच तापट, लहरी. लक्ष्मीबाईंनी त्यांचे वागणे झाकले नाही आणि त्यांना कोणत्या रकान्यातही टाकले नाही. ते काय करीत, काय बोलत, कसे निघून जात, कसे परत येत, हे त्या सांगत राहतात. त्या पुस्तकाचे मोठेपण त्यांच्या क्रियापदांत आहे.

मेंढरे आणि शेरडे

तरीही कापणीचा दिवस या शिकवणीत आहेच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो राजाच्या दरबाराच्या रूपाने येतो. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो, तसा राजा लोकांना उजवीकडे आणि डावीकडे करतो. अखेर दोन रकाने आखले गेलेच, असे तुम्ही म्हणाल. पण ते कशाच्या आधारे आखले, ते पाहा. भुकेल्याला जेवू घातले, तान्हेल्याला पाणी पाजले, परक्याला घरात घेतले, उघड्याला पांघरूण दिले, आजाऱ्याचा समाचार घेतला, तुरुंगातल्याला भेटायला गेले. सहा कृती आहेत. निवाड्याच्या आधारात एकही विशेषण नाही.

आणखी दोन गोष्टी या दृश्यात आहेत. पहिली, डावीकडच्यांवर चोरीचा, खुनाचा, व्यभिचाराचा आरोप नाही. त्यांनी काही केले म्हणून ते दोषी नाहीत. जे करायचे ते केले नाही, म्हणून दोषी आहेत. दुसरी, दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात. आम्ही हे कधी केले, असे उजवीकडचे विचारतात. कधी केले नाही, असे डावीकडचे विचारतात. आपण कोणत्या बाजूला आहोत, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्या निवाड्यात खुद्द पक्षकारांनाही आपला रकाना माहीत नसतो, तिथे शेजाऱ्याचा रकाना आपण किती खात्रीने सांगावा?

हा अध्याय वाचताना मला माझा अहवाल आठवतो. मी त्या मुलावर खोटा आरोप केला नव्हता, पण मी त्याला विचारलेही नव्हते. उशिरा का येतोस, एवढा एक प्रश्न.

परत फिरणे

काही वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ मुलीला घेऊन विभागात आले. केस पिकलेले, हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. मी त्यांना ओळखले नाही. त्यांनीच ओळख दिली. म्हणाले, ‘मॅडम, मी तुमचा विद्यार्थी. म्हणजे पुरता झालो नाही.’ मुलगी बाहेर अर्ज भरत होती, तेव्हा त्यांनी आपण होऊन तो विषय काढला. ‘तेव्हा चुकलंच माझं. तुम्ही पकडलंत ते बरोबरच होतं.’

मी गप्प राहू शकले असते. त्यांना शेऱ्याविषयी काही ठाऊक नव्हते आणि त्यांनी माझ्या बाजूने निकालही देऊन टाकला होता. पण ‘तुम्ही बरोबर होतात’ हे ऐकून घेऊन गप्प बसणे मला जमेना. मी त्यांना सांगितले, की अहवालात मी ‘सराईत’ असे लिहिले होते.

ते बराच वेळ पिशवीच्या कडेशी बोटे चाळवत राहिले. मग म्हणाले, ‘सराईत? पहिलीच वेळ होती, मॅडम.’

आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. ते केवळ माहिती दुरुस्त करीत होते. पुढे त्यांनी सांगितले, की त्या वर्षी ते रात्री एका वीटभट्टीवर राखणीला जात आणि सकाळी तिथून थेट वर्गात येत. मी क्षमा मागितली. त्यांनी ‘असू द्या’ म्हटले. या दोन शब्दांत क्षमा होती, की केवळ मराठी माणसाचा सभ्यपणा, हे मला भाषेची अभ्यासक असूनही सांगता येणार नाही. मुलगी अर्ज घेऊन आत आली आणि आम्ही दोघे तिच्या टक्केवारीविषयी बोलू लागलो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. नीतिमान आणि दुर्जन ही जोडी ‘जिवंत–मृत’ या जातीची आहे, की ‘थंड–गरम’ या जातीची? माझ्या वाचनाप्रमाणे ख्रिस्ती शिकवणीत ती या दोन्ही जातींची नाही. चांगले आणि वाईट यांच्यामध्ये ती कोमट अशी पट्टी आखत नाही. तिथला फरक ती अखेरपर्यंत धारदार ठेवते. पण ही जोडी ती माणसांच्या माथ्यावर चिकटवत नाही, वाटांच्या तोंडाशी उभी करते. ‘येणे–जाणे’, ‘चढणे–उतरणे’ या जोड्या आठवा. एकाच पायरीवर उभी असलेली दोन माणसे असू शकतात, एक चढणारा, दुसरा उतरणारा. ती कोणत्या पायरीवर आहेत, यावरून काहीच कळत नाही. तोंड कोणत्या दिशेला आहे, ते पाहावे लागते, आणि तोंड कोणत्याही पायरीवर वळवता येते.

हा घटक वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण कधीतरी मध्येच सुटले असेल आणि आता पुन्हा सुरू झाले असेल. त्या मधल्या वर्षांत तुमच्याविषयीही कोणीतरी कुठेतरी एखादा शेरा लिहिला असेल. आणि तुम्हीही कोणाविषयी लिहिला असेल. म्हणून एक स्वाध्याय सुचवते. तो तपासण्यासाठी पाठवायचा नाही. आठ दिवस एक वही जवळ ठेवा. माणसांविषयी बोलताना तुमच्या तोंडून ‘खोटारडा’, ‘आळशी’, ‘लबाड’, ‘नालायक’ असे जे शब्द जातील, ते डावीकडे लिहा. प्रत्येकासमोर उजवीकडे एक पूर्ण वाक्य लिहा : त्या माणसाने काय केले, कधी केले आणि तुम्ही ते स्वतः पाहिले का. ज्या शब्दासमोर वाक्य लिहिता येणार नाही, तो खोडून टाका.

मी हा स्वाध्याय अजून करते. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे ‘सराईत’ असे लिहिले आहे आणि समोरची जागा कोरी आहे.